सोयाबीन आपलं, आंबवणं दुसऱ्यांचं. आतड्याच्या सुजेवरचा दावा किती खरा?

सीएसएमटीहून हार्बरची लोकल निघाली की रे रोडनंतर कॉटन ग्रीन लागतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला हे नाव नवं असलं तरी त्याच्या आजोबांच्या घरखर्चाचा हिशेब एकेकाळी इथल्या व्यवहारावर चालायचा. १९२१ साली स्थापन झालेल्या ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनचा, म्हणजे आजच्या कॉटन असोसिएशन ऑफ इंडियाचा, कॉटन एक्स्चेंज याच भागात आहे. गावाकडचा कापूस गाठी बांधून मुंबईला यायचा, बंदराला लागून असलेल्या वखारींत पडायचा आणि भाव इथं ठरायचा. पिकवणारा एकीकडे, भाव ठरवणारा दुसरीकडे.

गेल्या तीसेक वर्षांत त्याच शेतांत पांढऱ्या सोन्याची जागा मोठ्या प्रमाणात सोयाबीननं घेतली. आज राज्यात सुमारे ५० लाख हेक्टरवर सोयाबीन आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातली या पिकाची दोन मोठी राज्यं. गोष्ट मात्र तीच राहिली. लातूर, वाशीम, अकोल्याच्या बाजार समितीत पोतं उतरतं, भाव दुसरीकडे ठरतो आणि माल तेलाच्या कारखान्यात नाहीतर कोंबडीखाद्याच्या गिरणीत जातो. पिकवणाऱ्याच्या ताटात तो क्वचितच येतो.

आता याच सोयाबीनचा एक नवा चेहरा शहरात दिसू लागलाय. कॉटन ग्रीनपासून हाकेच्या अंतरावर परळ-लोअर परळ आहे. तिथं गिरण्यांच्या जागी मॉल आणि उपाहारगृहं उभी राहिली. अशा भागांत आणि ऑनलाइन दुकानांत ‘टेंपे’, ‘मिसो’, ‘नाट्टो’ या नावांनी आंबवलेलं सोयाबीन विकलं जातं. ‘पोटासाठी चांगलं’, ‘आतड्याची सूज कमी करतं’ अशी त्याची जाहिरात होते. त्याच परळमध्ये केईएम रुग्णालय आहे आणि टाटा मेमोरियलही आहे. गावाकडचे पोटाच्या दुखण्याचे रुग्ण कागदांची पिशवी घेऊन तिथं रांगेत उभे असतात. मोबाईलवर हा दावा त्यांनाही दिसतो. म्हणून तो नीट तपासून घेणं गरजेचं आहे. यात शेतकऱ्याच्या भावाचा प्रश्न आहे आणि रुग्णाच्या जिवाचाही.

आंबवलेलं सोयाबीन म्हणजे नेमकं काय?

आधी एक गैरसमज दूर करू. किराणा दुकानात मिळणारी सोया वडी आंबवलेली नसते. तेल काढून उरलेल्या पिठाला उष्णता आणि दाब देऊन ती तयार करतात. सोया दूध आणि टोफू हेही आंबवलेले पदार्थ नाहीत. चायनीजच्या गाडीवरचा सोया सॉस मुळात आंबवून करायचा पदार्थ. पण बाजारातला प्रत्येक सॉस तसा केलेला नसतो आणि त्यात मीठही भरपूर असतं.

खरं आंबवणं वेगळं. इंडोनेशियात सोयाबीन भिजवून, साल काढून, शिजवून त्यावर रायझोपस नावाची बुरशी लावतात. दीड-दोन दिवसांत पांढऱ्या जाळ्यानं दाणे घट्ट बांधले जातात आणि वडी तयार होते. हा टेंपे. जपानात शिजवलेल्या दाण्यांवर बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू वाढवतात आणि तार सुटणारा चिकट नाट्टो होतो. मिसो ही अॅस्परजिलस ओरायझी बुरशी आणि मीठ वापरून कित्येक महिने मुरवलेली पेस्ट.

हे सगळं परदेशीच आहे असंही नाही. सिक्कीम-दार्जिलिंगमध्ये किनेमा, नागालँडमध्ये अखुनी, मणिपुरात हवाइजार, मेघालयात तुंग्रिंबाई आणि मिझोराममध्ये बेकांग खातात. किनेमा करण्याची रीत आपल्या कुठल्याही आजीला समजेल अशी आहे. दाणे रात्रभर भिजवायचे, मऊ शिजवायचे, उखळात हलके कुटायचे, थोडी लाकडाची राख टाकायची, पानांत गुंडाळून चुलीजवळ उबेला ठेवायचे. एक ते तीन दिवसांत किनेमा तयार. सिक्कीम विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ज्योती प्रकाश तामांग यांनी हिमालयातल्या अशा पदार्थांचा अनेक वर्षं अभ्यास केलाय.

यात महाराष्ट्राचा एक धागाही आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं काढलेलं ‘एमएसीएस १४०७’ हे वाण आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडच्या राज्यांसाठी शिफारस केलेलं आहे. म्हणजे वाण पुण्याचं. त्याचे दाणे पानांत गुंडाळून चुलीजवळ ठेवण्याची रीत तिकडची.

आपण ते खाल्लं का नाही?

कारण साधं आहे. सोयाबीन आपल्याकडे डाळ म्हणून आलंच नाही. नगदी पीक म्हणून आलं. दाण्यात साधारण १८ ते २० टक्के तेल आणि ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. कारखान्यानं तेल काढायचं, पेंड जनावरांना आणि निर्यातीला. घरी कुणी तुरीसारखं शिजवून पाहिलं तर दाणा लवकर मऊ होत नाही, वास येतो आणि खाल्ल्यावर पोट फुगतं. ‘सोयाबीन पचत नाही’ हे गावात उगाच म्हणत नाहीत.

त्यामागे दोन गोष्टी आहेत. कच्च्या दाण्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, तो प्रथिनं पचू देत नाही. नीट शिजवल्यावर त्याचा जोर मोडतो. दुसरं म्हणजे रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा. त्या पचवायचं साधन माणसाच्या लहान आतड्यात नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि गॅस होतो.

आंबवताना हेच काम बाहेर, भांड्यात होतं. या साखरा कमी होतात. प्रथिनांचे लहान तुकडे पडतात. लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट घटतं. सोयाबीनमधली आयसोफ्लेव्होन द्रव्यं साखरेपासून सुटी होऊन शरीरात शोषली जातील अशा रूपात येतात. पोटाला पचवायला जड गेलं असतं ते बुरशीनं किंवा जिवाणूनं आधीच निम्मं पचवून दिलं, असं म्हणा. इथपर्यंतचं शास्त्र पक्कं आहे.

सुजेचा दावा कुठवर टिकतो?

प्रश्न त्यापुढे सुरू होतो. पचायला हलकं असणं वेगळं आणि आतड्याची सूज कमी करणं वेगळं.

‘सूज’ हा शब्दही सैल वापरला जातो. जेवल्यावर पोट फुगणं म्हणजे सूज नव्हे. आयबीएस म्हणतात त्या त्रासात पोट दुखतं, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. पण आतड्याला जखमा नसतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे मात्र खरे सुजेचे आजार आहेत. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते, आतून व्रण पडतात, शौचातून रक्त जातं, वजन घटतं. शिवाय आपल्या देशात आतड्याचा क्षयही आहे. तो बऱ्याचदा क्रोन्ससारखाच दिसतो आणि डॉक्टरांनाही दोन्हींत फरक करायला तपासण्या कराव्या लागतात. दोन्हींचे उपचार एकमेकांच्या अगदी उलट. एकात प्रतिकारशक्ती दाबायची औषधं, दुसऱ्यात क्षयाची. कुठला आजार आहे हेच माहीत नसताना ‘सुजेवर हे खा’ म्हणणं किती घातक आहे, ते यावरून कळावं.

आता पुरावे पाहू. तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी उंदरांची. उंदरांना रसायन पाजून आतड्याला सूज आणतात आणि मग टेंपे, नाट्टो किंवा कोरियातला दोएनजांग खाऊ घालतात. अशा अनेक प्रयोगांत सूज कमी झालेली दिसली. आशा वाटावी असं हे आहे. पण रसायनानं आणलेली उंदराची सूज आणि माणसाचा वर्षानुवर्षांचा आजार एक नव्हे.

दुसरी पायरी निरोगी माणसांची. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सगळीकडे दाखवला जातो. ३६ निरोगी प्रौढांचे दोन गट केले. एकाला १० आठवडे भरपूर तंतुमय पदार्थ दिले आणि दुसऱ्याला भरपूर आंबवलेले पदार्थ. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली सुजेशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. निकाल महत्त्वाचा आहे. पण जाहिरातीत सांगत नाहीत ते असं की माणसं ३६ होती, ती निरोगी होती आणि त्यांच्या ताटात मुख्यतः दही, केफिर, किमची, कोंबुचा असे पदार्थ होते. हा सोयाबीनचा प्रयोग नव्हता.

तिसरी पायरी जपानची. तिथं सुमारे ९३ हजार माणसांवर जवळपास १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आंबवलेलं सोयाबीन सर्वांत जास्त खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसलं. एकूण सोयाबीनच्या बाबतीत असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे आंबवण्यात काहीतरी आहे, अशी शंका घ्यायला जागा आहे. पण हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. नाट्टो खाणारा माणूस भाजीही जास्त खातो, इतर सवयीही वेगळ्या असतात. संशोधकांनी हिशेबात या गोष्टी धरल्या, तरी अशा अभ्यासातून ‘यामुळेच ते झालं’ असं ठामपणे म्हणता येत नाही. आणि मोजलं गेलं ते मृत्यूचं प्रमाण, आतड्याची सूज नव्हे.

या तिन्ही पायऱ्या चढूनही एक पायरी उरतेच. प्रत्यक्ष कोलायटिस किंवा क्रोन्सच्या रुग्णांना आंबवलेलं सोयाबीन देऊन केलेला मोठा, भक्कम प्रयोग. त्याच्याशिवाय ‘सूज बरी करतं’ हे वाक्य टिकत नाही. चांगलं अन्न म्हणा, औषध म्हणू नका.

कायद्याचंही हेच म्हणणं आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे कुठलाही खाद्यपदार्थ आजार बरा करतो असा दावा करून विकता येत नाही.

कुणी जपून राहावं?

हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असलेल्या अनेक रुग्णांना वॉरफरिन किंवा असेनोकुमारॉल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या असतात. नाट्टोमध्ये ‘के’ जीवनसत्त्व इतकं असतं की या गोळ्यांचा परिणाम उलटू शकतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सोयाबीनचे पदार्थ आणि गोळी यांत अंतर ठेवावं, कारण गोळी नीट शोषली जात नाही. मिसोमध्ये मीठ खूप, म्हणजे रक्तदाबवाल्यांनी मोजून खावं. सोयाबीनची अॅलर्जी असेल तर आंबवलं म्हणून ती जात नाही. आणि कोलायटिसचा त्रास उफाळून आला असताना कुठलाही नवा पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. चालू गोळ्या बंद करून तर मुळीच नाही.

शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, बारीक ताप, कारण नसताना घटलेलं वजन, यांपैकी काहीही असेल तर आधी तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय गाठायचं. तिथून गरज पडली तर मोठ्या रुग्णालयात पाठवतील. वर्षभर घरगुती उपाय करून मग परळची रांग धरण्यापेक्षा हे कधीही स्वस्त.

भिजलेलं सोयाबीन आंबवायचं नाही

ग्रामीण भागासाठी याहून मोठा धोका वेगळाच आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आणि पुरात मराठवाड्यातलं उभं सोयाबीन पाण्यात गेलं. अशा वर्षी काळं पडलेलं, डागी, बुरशी धरलेलं सोयाबीन घरात पडून राहतं. व्यापारी घेत नाही, घेतलं तर मातीमोल भावानं. मग ‘बुरशीनंच तर टेंपे होतो’ असा विचार कुणाच्या मनात आला तर नवल नाही.

हा विचार इथंच थांबवायला हवा. टेंपेची बुरशी निवडून घेतलेली, स्वच्छ विरजण म्हणून लावलेली असते. शेतात भिजलेल्या दाण्यावर येणारी बुरशी कुठलीही असू शकते आणि तिच्यातलं अफ्लाटॉक्सिनसारखं विष शिजवून किंवा आंबवून भरवशानं जात नाही. त्याचा मार यकृताला बसतो. जावा बेटावर खोबऱ्याच्या पेंडीवर केलेल्या टेंपेमुळे माणसं दगावली होती, कारण पेंडीत चुकीचा जिवाणू वाढला. तिथल्या सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. चीनमध्ये घरी मुरवलेल्या डाळींमुळे बोट्युलिझमचे रुग्ण आढळले आहेत. दह्याला विरजण लावण्याइतकं हे सोपं नाही. चांगला निवडलेला दाणा, उकळलेलं पाणी, स्वच्छ भांडी, योग्य विरजण आणि ठरावीक ऊब, यांतलं एक जरी चुकलं तरी अन्नाचं विष होऊ शकतं.

घरात सोयाबीन खायचंच असेल तर आपल्या सवयीची वाट बरी. चांगले दाणे रात्रभर भिजवून, वीस-पंचवीस मिनिटं उकळून, साल काढून घ्यावेत आणि इडली किंवा धिरड्याच्या पिठात उडीद डाळीचा थोडा हिस्सा म्हणून वाटावेत. पीठ नेहमीसारखं आंबतं, प्रथिनं वाढतात. पण हेही खरं की वाफवल्यावर पिठातले जिवाणू मरतात. जिवंत जिवाणू पोटात जावेत असं वाटत असेल तर ते काम घरचं ताक पिढ्यान्पिढ्या करत आलंय. स्टॅनफर्डच्या ताटात दही होतं, ही गोष्ट त्यासाठी लक्षात ठेवावी.

भावाचं गणित

मग शेतकऱ्याला यात काही आहे का? २०२४-२५ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि २०२५-२६ चा ५,३२८ रुपये आहे. म्हणजे किलोला साडेत्रेपन्न रुपयेसुद्धा नाहीत. या दोन्ही हंगामांत आवक वाढली तसा बाजार समित्यांतला भाव हमीभावाच्या खाली राहिला. ओलाव्याची अट, बारदान्याची टंचाई आणि खरेदी केंद्रावरची रांग, यांत अडकलेल्यानं पडेल भावात माल काढला.

भाव पडण्याची कारणं गावाबाहेरची आहेत. केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं आणि मे २०२५ अखेर ते पुन्हा १० टक्क्यांवर आणलं. दुसरीकडे मका आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा डीडीजीएस हा स्वस्त चोथा कोंबडीखाद्यात आला आणि सोयापेंडेची मागणी घटली. सोयाबीनचा निम्म्याहून जास्त जीव पेंडेत असतो. पेंड पडली की दाणा पडतोच.

अशा वेळी माणसांच्या खाण्यासाठीची मागणी वाढली तर तो आधार ठरू शकतो. किलोभर कोरड्या सोयाबीनपासून दीड किलोहून अधिक टेंपे निघतो आणि शहरातला त्याचा दर शेतकऱ्याच्या दराच्या कितीतरी पट आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली, बचत गटांच्या सदस्यांना बीजभांडवलही ठेवलं गेलं. आघारकर संस्था आणि इंदूरची सोयाबीन संशोधन संस्था यांच्या ‘एमएसीएस-एनआरसी १६६७’ या वाणात ट्रिप्सिन इनहिबिटरचा मुख्य प्रकारच नाही. खाण्यासाठीचं सोयाबीन म्हणून अशी वाणं वेगळी पिकवता, वेगळी साठवता आणि वेगळी विकता येतात.

पण भुलून जाण्यात अर्थ नाही. टेंपे दोन-चार दिवसांत खराब होतो. त्याला शीतसाखळी लागते, अन्न परवाना लागतो, प्रयोगशाळेची तपासणी लागते आणि गिऱ्हाईक अजून मुंबई-पुण्यातच आहे. ५० लाख हेक्टरचं पीक या वाटेनं खपणार नाही. एखाद्या गटाला, एखाद्या शेतकरी कंपनीला मात्र ती धरता येईल. त्यासाठी कृषी विभागानं आणि विद्यापीठांनी अनुदानाच्या कागदाबरोबर शुद्ध विरजण, प्रशिक्षण आणि तपासणीची सोय जिल्ह्याला द्यायला हवी. ती नसेल तर पहिल्याच विषबाधेत सगळ्यांचा धंदा बसेल.

कॉटन ग्रीनला कापसाचा भाव ठरत होता तेव्हा विदर्भातल्या शेतकऱ्याच्या हातात कापूस पिकवणं एवढंच होतं. सोयाबीनच्या बाबतीत आतापर्यंत तसंच चाललंय. शहरातला नवा ग्राहक जास्त पैसे मोजतो तो दाण्यावरच्या प्रक्रियेचे. त्यातला वाटा गावात आणायचा तर स्वच्छ दाणा, तपासलेलं विरजण आणि खरं लेबल लागेल. त्या लेबलवर ‘प्रथिनयुक्त’ लिहा, ‘आंबवलेलं’ लिहा. ‘सूज बरी करतं’ हे मात्र लिहू नका. ते ठरवायला परळच्या रुग्णालयांत डॉक्टर आहेत.